पटाबाहेरचा घोडा

मी घोडा बोलतोय. दाणा-वैरण खाणारा नव्हे. बुद्धिबळाच्या पटावरचा, पांढरा, वजिराच्या बाजूला उभा राहणारा. म्हणजे उभा राहायला हवा होता असा. माझं बहुतेक आयुष्य पटाबाहेरच गेलं.

माझा जन्म सिनसिनाटीचा, एका जर्मन कारागिराच्या कारखान्यातला. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी ही सगळी मंडळी लेथवर गरगर फिरून झटपट तयार होतात. आम्हा घोड्यांना मात्र हाताने कोरावं लागतं. त्यामुळे आमच्या अंगात जरा तोरा असतो, तो मी नाकारत नाही. पण तोरा मिरवायला मैदान लागतं ना!

आम्हाला विकत घेतलं अल्फियस ट्रंबल या टोपीवाल्याने. घराखालच्या दुकानात तो फेल्टच्या टोप्यांना वाफ देऊन आकार द्यायचा आणि काम उरकलं की क्लबात जाऊन बसायचा. क्लब म्हणजे लिंडाउरच्या बेकरीच्या वरची एक मोठी खोली. खालून राय धान्याच्या पावाचा वास यायचा, नदीवरून बोटींचे भोंगे ऐकू यायचे, आणि ट्रंबल एकेकाला शांतपणे लोळवायचा. वकील, डॉक्टर, धान्याचे व्यापारी, कुणी म्हणजे कुणी त्याच्यापुढे टिकत नसे.

अशा माणसाशी कोण खेळणार? त्यावर त्या मंडळींचा रिवाज ठरलेला होता. जो वरचढ असेल त्याने पांढऱ्या सोंगट्या घ्यायच्या आणि सुरुवातीलाच आपला एक घोडा पटावरून उचलून ठेवायचा. तेवढी सूट मिळाली की समोरच्याला लढायला उमेद येते. याला ते 'घोडा देणं' म्हणत. आणि तो दिला जाणारा घोडा म्हणजे मी!

डाव मांडला की ट्रंबल मला उचलायचा आणि खेळ संपेपर्यंत मुठीत घोळवत बसायचा. माझा डावा कान त्याच्या अंगठ्याने पार गुळगुळीत झाला. तिकडे माझा जुळा भाऊ उड्या मारत प्यादी तुडवतोय आणि मी इथे घामेजलेल्या मुठीत! मला राग यायचा. चांगलाच यायचा.

लिंडाउर बेकरीवाला दर गुरुवारी घोडा घेऊन खेळायचा आणि घोडा घेऊनही हरायचा. पण माणूस खुशालचेंडू.

"अल्फियस, पुढच्या वेळी दोन्ही घोडे दे," तो म्हणायचा, "आणि जमलं तर वजीरही घरी ठेवून ये."

"त्यापेक्षा मीच घरी राहतो ना. तू एकटा खेळ."

"एकटा खेळलो तरी हरेन रे मी!"

न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांना मात्र ट्रंबलचं कौतुक नव्हतं. हा आपल्या आळीतला पैलवान, बरोबरीच्या माणसाशी कुठे खेळलाय, असं ते छापत. ट्रंबलला ते लागायचं. शेवटी एकदाचे तिकडचे नावाजलेले खेळाडू व्हॅन्डेव्हीर सामना खेळायला सिनसिनाटीला आले. सामना बरोबरीचा! मला पटावर माझं घर मिळालं. काय सांगू, पहिल्या डावात तिसऱ्याच खेळीला मी उडी मारली तेव्हा माझं लाकडी काळीज धडधडत होतं.

डाव होत गेले, दोघे सारखेच जिंकले, आणि सगळं शेवटच्या डावावर आलं. पांढऱ्या सोंगट्या ट्रंबलकडे होत्या. खोली माणसांनी खच्चून भरलेली. ट्रंबलने पट मांडला, राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. व्हॅन्डेव्हीर पटाकडे बघून लालबुंद झाले, पण काही न बोलता खेळले. थोड्या खेळ्या झाल्या. ट्रंबलचा हात मला हलवायला माझ्या घरावर गेला, आणि घर रिकामं!

मी त्याच्या डाव्या मुठीत होतो. इतक्या वर्षांची सवय. मांडता मांडता त्याने मला उचललं होतं आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"मला घोडा देताय साहेब?" व्हॅन्डेव्हीर म्हणाले. "मी काय तुमचा बेकरीवाला वाटलो?"

"चूक झाली. अपमान करायचा नव्हता मला."

"मग ठेवा तो जागेवर, नव्याने सुरू करू. घोडा घेऊन जिंकला असं मला नाही म्हणवून घ्यायचं."

पंचांनीही मान डोलावली. ठेव रे बाबा, मी मुठीत ओरडत होतो, ठेव मला! पण ट्रंबलचे कान तापले होते. "पट मी मांडला," तो म्हणाला, "दिलेला घोडा मी परत घेत नाही."

तो सुरेख लढला, आणि हरला. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत फक्त शेवटचा आकडा छापून आला. माझा उल्लेख कुठेच नव्हता. पुन्हा कुणी मोठा खेळाडू त्याच्याशी खेळायला आला नाही. ट्रंबलने टोप्या केल्या, गुरुवारी लिंडाउरला घोडा दिला, आणि दिवस गेले.

मग त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आखलेला बेत मध्येच विसरायला लागला. तरी तो मला उचलून ठेवायचा आणि तरीही जिंकायचा. मला आधी नवल वाटलं. मग एका गुरुवारी त्याने हातातली सोंगटी खाली ठेवली.

"लिंडाउर, तू हा उंट मला फुकट दिलास."

"छे, नजरचूक झाली."

"गेल्या गुरुवारी हत्ती दिलास. मला काय आंधळा समजतोस?"

ट्रंबलने पट पुसल्यासारखा मोकळा केला, सोंगट्या नव्याने मांडल्या आणि मला माझ्या घरी उभं केलं. त्या दुपारी मी मनसोक्त उडालो. ट्रंबल मात्र हरला. पुढच्या गुरुवारी हरला, त्याच्या पुढच्याही. मग त्याने आम्हाला पेटीत भरलं आणि क्लबात जाणंच सोडलं. बुद्धिबळाशिवाय तो माणूस खिडकीशी नुसता बसून राही, जेवणावरून उठून जाई. पेटीत पडल्या पडल्या मला पहिल्यांदाच त्याची काळजी वाटली.

त्याची बायको डॉर्कस बोलायला कमी, पण बोलली की मोजकं आणि नेमकं. एका गुरुवारी सूप वाढताना ती म्हणाली, "अहो, लिंडाउरने जन्मभर तुमच्याकडून घोडा घेतला. त्याची मान कधी खाली गेली?"

"त्याचं वेगळं."

"काय वेगळं? त्याला खेळायचं होतं, म्हणून घेतला. तुम्हाला खेळायचंय की नाही?"

ट्रंबलने सूप संपवलं. मग कोट घातला, पेटी काखेत मारली आणि काठी टेकत बेकरीचा जिना चढला. लिंडाउर पीठ झटकत वर आला. ट्रंबलने पट मांडला आणि फिरवला. पांढऱ्या सोंगट्या लिंडाउरकडे गेल्या, काळ्या त्याने स्वतःकडे ठेवल्या.

"घोडा दे मला," ट्रंबल म्हणाला.

पिठाळलेल्या बोटांनी लिंडाउरने मला अलगद उचललं आणि पटाबाहेर ठेवलं. खेळ रंगला. ट्रंबल वाकून, डोळे पटाला जवळजवळ टेकवून खेळत होता आणि हसत होता. कितीतरी दिवसांनी हसत होता. मी बाहेरून सगळं पाहिलं. त्या दिवशी माझ्या मनात रागाचा लवलेशही नव्हता.

त्यानंतर अखेरच्या आजारापर्यंत त्याने एक गुरुवार चुकवला नाही. कधी जिंकला, कधी हरला.

आता ट्रंबल नाही आणि लिंडाउरही नाही. आम्ही क्लबाच्या कपाटात असतो. हल्ली सगळे बरोबरीने खेळतात, घोडा मागायची त्यांना लाज वाटते. मला रोज उडायला मिळतं, तक्रार कसली करणार? तरी एक सांगून ठेवतो. कधी तुमच्यासमोर एखादा थकलेला माणूस येऊन बसला, आणि त्याला नुसतं खेळायचं असलं, तर मला बेलाशक उचलून बाजूला ठेवा. मी आनंदाने बसेन.