इबुकी तुझा, हाचिरो माझा

फुकुईहून सुटलेल्या गाडीत बसतानाच फुसाएनं मनाशी पक्कं केलं होतं, की आज काही झालं तरी कप्तान इबुकी मिळवायचा आणि घरी न्यायचा. स्वतःसाठी. पंचावन्नाव्या वर्षी चित्रातल्या कप्तानासाठी ओसाका गाठणारी बाई म्हणजे डोक्यावर परिणाम झालेली, असं तिच्या वहिनीचं मत होतं, आणि वहिनी काही मतं पोटात ठेवणाऱ्यातली नव्हे. "अजून ते बिल्लेच का?" निघताना तिनं दारातून विचारलं. "हो, बिल्लेच," म्हणून फुसाएनं बूट चढवले.

आता हे वेड कुठून लागलं ते सांगायला हवं. फुसाए आणि चिगुसा शाळेत एका बाकावर बसायच्या तेव्हा 'धुक्याचं बंदर' ही मांगा, म्हणजे चित्रकथा, मासिकातून यायला लागली. एक मोडकी आगबोट, तिचा अबोल कप्तान इबुकी आणि तिच्यावरचा जाडा, गोड बोलणारा आचारी हाचिरो. पहिला भाग वाचून झाल्यावर चिगुसानं मासिक छातीशी धरलं आणि जाहीर करून टाकलं, "इबुकी माझा. सवत मला खपायची नाही हं, आधीच सांगते."

लोकांना हसू येईल, पण या छंदातल्या बायकांचं असंच असतं. एका माणसावर जीव टाकणाऱ्या दोघी एका घरात सोडा, एका रांगेतही सुखानं उभ्या राहत नाहीत. वर्गातल्या एका मुलीनं आपल्यालाही इबुकीच आवडतो असं म्हटलं, तर चिगुसा तिच्याशी शाळा संपेपर्यंत बोलली नाही. आणि फुसाएला तर चिगुसाशिवाय दुसरी मैत्रीणच नव्हती. तिचाही जीव इबुकीवरच जडला होता, अगदी त्यानं भर पावसात स्वतःचा कोट एका भटक्या कुत्र्यावर टाकला त्या पानापासून. पण चिगुसानं "तुझा कोण गं?" असं विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "तो आचारी." एका दमात बोललेलं खोटं, पण निभवायला जन्म गेला.

चिगुसा लग्न होऊन ओकायामाला गेली. फुसाएनं लग्न केलं नाही. दर शरद ऋतूत मात्र एक इकडून, एक तिकडून येऊन दोघी ओसाकाला निप्पोनबाशीत भेटायच्या. आधी जुन्या मांगांची दुकानं मजला मजला पालथी घालायची, काचेच्या कपाटांना नाक लावून उभं राहायचं. मग मांगातल्या पात्रांची चित्रं असलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यांची बंद पाकिटं घ्यायची. आत कोण निघेल ते देवाला ठाऊक. दुकानाबाहेर शीतपेयांच्या यंत्राशेजारी उभ्या राहून दोघी एकदम पाकिटं फोडत, आणि फुसाए न बघताच हात पुढे करायची, "इबुकी तुझा, हाचिरो माझा." इबुकी हातात आला की चिगुसा डोळे मिटून तो छातीशी धरायची. मग म्हणायची, "चल, आता पुडिंग खाऊ." वर्षभर फुसाए त्या एका दिवसावर जगायची. तिच्या घरी हाचिरोंनी सगळी भिंत भरली होती, आणि खरं सांगायचं तर तिला तो कधी धड आवडलाही नव्हता. पण सांगणार कोणाला?

गेल्या वर्षी चिगुसा इस्पितळात होती. फोनवर म्हणाली, "पुढच्या वर्षी मांगाच्या चाळिसाव्या वर्षाचे खास बिल्ले निघतायत. मी येणार म्हणजे येणारच." तेव्हा फुसाएनं ठरवलं होतं, की त्या दिवशी सांगून टाकायचं. म्हाताऱ्या होत आलो आता. रागावून रागावून किती रागावेल? पण फेब्रुवारीत चिगुसा गेली.

अंत्यविधीला तिचा नवरा इबुकीच्या बिल्ल्यांनी भरलेली पिशवी घेऊन उभा होता. शवपेटीत ठेवायला आणली होती बिचाऱ्यानं. पेटीसकट दहन होतं, त्यात पत्रा चालत नाही, जळत नाही, असं तिथल्या माणसानं हलक्या आवाजात सांगितलं. मग मांगाचे भाग तेवढे पेटीत गेले आणि पिशवी त्याच्या हातात राहिली. ती त्यानं फुसाएपुढे धरली. "तुम्हीच न्या. तुमच्याशिवाय यातलं कोणाला कळतंय?"

आणि फुसाए काय म्हणाली असेल? "नको हो. माझा हाचिरो." चिगुसाच्या पेटीशेजारी उभी राहूनसुद्धा तिनं खोटंच चालवलं. पुढे पिशवी कुठल्यातरी जुन्या मालाच्या दुकानात गेली म्हणे. त्या एका वाक्यासाठी फुसाए कितीतरी रात्री स्वतःला शिव्या घालत होती.

म्हणून आजची ही फेरी.

दुकानात नेहमीसारखीच गर्दी होती. माणशी जेवढी पाकिटं मिळत होती तेवढी घेऊन ती यंत्राशेजारी आली. शेजारची जागा रिकामी होती. तिथं कोणी येऊन उभं राहू नये असं तिला वाटलं, आणि कोणी राहिलंही नाही. तिनं पाकिटं फोडली. हाचिरो, हाचिरो, बोटीवरचा म्हातारा डॉक्टर, पुन्हा हाचिरो. "कधी नव्हे ते बरा आलास," ती पुटपुटली.

दुकानामागच्या छोट्या बागेत अदलाबदल चालते. काय द्यायचंय, काय हवंय, ते फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून बायका उभ्या असतात. फुसाएवर ही वेळ कधी आलीच नव्हती, तिची अदलाबदल घरचीच होती. तिनं 'देणे हाचिरो' लिहिलं. 'हवा इबुकी' लिहिताना मात्र तिला इतकी लाज वाटली, की तिनं आजूबाजूला बघून घेतलं.

वाघाच्या चेहऱ्याचा शर्ट घातलेली एक बाई तरातरा आली. "इबुकी हवाय ना ताई? हा घ्या. नीट बघून घ्या हं, ओरखडा असला तर आत्ताच बोला. मागून माझ्या नावानं खडे फोडू नका."

"छान आहे की."

"मग दोन हाचिरो द्या. कप्तानाला भाव आहे."

"दोन काय, तीन घ्या."

"असं करू नका हो, ओसाकात आहात. अंगावरचा कोटसुद्धा काढून नेतील." तिनं दोनच घेतले, वर एक आल्याची गोळी फुसाएच्या हातावर ठेवली आणि निघून गेली.

इबुकी फुसाएच्या तळहातावर होता. तोच कोट, तीच खाली झुकलेली नजर. चाळीस वर्षं हा माणूस तिच्या हातातून नुसता पुढे जात आला होता, कधी मुक्कामाला राहिला नव्हता. तिला भरून आलं. असं उघड्यावर, भर दुपारी भरून आलं त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "काकू."

विशीतली एक मुलगी पुढ्यात उभी होती. फोडलेली पाकिटं मुठीत चुरगळलेली, डोळे फुसाएच्या तळहातावर खिळलेले. "तो इबुकी... बदलून देता का? सकाळपासून फिरतेय मी. माझ्याकडे हाचिरो आहे."

आणि फुसाएचा हात पुढे गेला. "इबुकी तुझा, हाचिरो माझा," ती म्हणाली.

मुलीनं डोळे मिटून बिल्ला छातीशी धरला. क्षणभर फुसाए इतकी सुखावली, की काय होऊन बसलं ते तिच्या ध्यानातच आलं नाही. मुलगी कमरेत वाकली, हीसुद्धा वाकली. एकदा दोघी वाकल्या की सौदा पुरा झाला, मग परत मागायची रीत नाही. ती सरळ उभी राहिली तेव्हा मुलगी कोपऱ्यावर पोचली होती. फुसाए वाट बघत राहिली. "चल, आता पुडिंग खाऊ," असं कोणीतरी म्हणायला हवं होतं. कोणीच म्हणालं नाही. मग कुठे तिला कळलं, की इबुकी गेला.

ती एकटीच त्या नेहमीच्या कॉफीच्या दुकानात गेली. म्हातारी मालकीण पाणी घेऊन आली आणि दाराकडे बघत थांबली. "ओकायामाच्या बाई मागून येतायत का?"

"ती गेली. फेब्रुवारीत."

मालकीण आत गेली. पुडिंग आणून ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवर टेकली. गिऱ्हाइकासमोर ती कधी बसत नसे. फुसाएनं सवयीनं हाचिरोचा बिल्ला बशीला टेकवून ठेवला. दर वर्षी दोघी आपापला माणूस असा पुडिंगशेजारी बसवून फोटो काढायच्या.

"हा तुमचा जाड्या," मालकीण म्हणाली.

"माझा नाही. मला हा कधीच आवडला नाही." बोलल्यावर फुसाएलाच आश्चर्य वाटलं, इतकं ते सोपं होतं. "मला कप्तान आवडायचा. पहिल्यापासून. तिला कधी सांगितलं नाही मी."

"अहो, त्यांना ठाऊक होतं."

फुसाएच्या हातातला चमचा थांबला.

"तुम्ही एकदा हात धुवायला गेला होतात. त्या मला म्हणाल्या, ही माझ्या इबुकीकडे कशी बघते ते पाहिलंत? मी म्हटलं, मग द्या की एखादा, घरी ढीग असेल तुमच्या. तर म्हणाल्या, देईन हो. पण तिनं एकदा तोंड उघडून मागू दे की. मागतच नाही बाई." मालकिणीनं फडक्यानं टेबलाची कड पुसली, तिथं काही सांडलं नव्हतं तरी. "दर वर्षी जादाचा एक घेऊन यायच्या पिशवीत. तुम्ही मागाल म्हणून."

"आणि मागितला नाही की?"

"परत घेऊन जायच्या."

मालकीण उठून आत गेली. फुसाएनं हाचिरोला बशीपासून बाजूला सरकवलं. मग समोरच्या खुर्चीकडे बघून, शाळेत वही उसनी मागावी इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "चिगुसा, एक इबुकी मला दे ना."

आत मालकिणीनं ते ऐकलं, आणि बशा पुसत राहिली.