विक्रीची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळातली समजून हात जोडू नका. शिकागोतल्या एका जमीन विकणाऱ्या कचेरीत माझी उमेदीची वर्षं गेली. गिऱ्हाईक गळाला लागलं, की विकणारा मला दणकून वाजवायचा आणि बाकीचे जळफळत टाळ्या पिटायचे. दलदलीचे तुकडे बागेची जमीन म्हणून खपवले मेल्यांनी! तेव्हा माझं कौतुक काय, रोजची घासपूस काय! पुढे कचेरीला टाळं लागलं, मला खोक्यात फेकलं आणि मी एका शाळेच्या नाटकाच्या सामानात येऊन पडले.

तिथे एक नाटक अभ्यासाला होतं. बढतीसाठी म्हाताऱ्या जोडप्याला फसवणाऱ्या विक्रेतीचं. ते शिकवणारे हॅल्व्हरसन सर नीतीवर तासन्‌तास बोलले. मुलांनी पानंच्या पानं उत्तरं लिहिली. मग सर म्हणाले, "सगळ्यात जास्त तिकिटं जो खपवेल, त्याला मुख्य भूमिका. विकलं की घंटा वाजवायची!"

मला हसावं की तडकावं कळेना.

वर्गातली ट्रूडी वृद्धाश्रमात तिकिटं विकून आली आणि तिने मला बडव बडव बडवलं.

"एवढी तिकिटं? काय थापा मारल्यास गं?" वर्गातल्या नदीनने विचारलं.

"न्यायला बस येईल म्हटलं. वर केक."

"बस कोण पाठवणारे?"

"तुझ्या का पोटात दुखतंय? खपली ना? झालं तर!"

सरांनी ऐकलं आणि तिची पाठ थोपटली.

प्रयोगाच्या दुपारी बर्फ पडत होतं. पुढच्या रांगा रिकाम्या. पडदा उघडणार तोच वृद्धाश्रमातल्या पावेल्काआजी काठी टेकत आत आल्या, नखशिखान्त भिजलेल्या.

"बस आलीच नाही हो. मी चालत आले. बाकीचे आश्रमाच्या फाटकात उभेच आहेत. कधी येणारे ती?"

"बसा आजी, सुरू होतंय," सर म्हणाले.

"लाज नाही वाटत?" नदीन ओरडली आणि रंगवलेल्या तोंडानिशी रस्त्यावर धावली. तिची भूमिका सरांनी खुशाल गाळली.

शेवटच्या प्रवेशात विक्रेती झालेली ट्रूडी पश्चात्तापाने ढसाढसा रडली. काय रडली! मग संहितेत होतं म्हणून तिने मला वाजवलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पावेल्काआजी तेवढ्या दाराकडे बघत होत्या.

मित्रांनो, मला घासू नका, जपू नका. मला त्याची चीड येते. फक्त वाजवण्याआधी एकदा फाटकापर्यंत जाऊन या.