कापड गुंडाळलेलं घर

घरातल्या प्रत्येक आवाजाला तिने अंगडं शिवलं होतं. दाराच्या कडेला कापड, डब्याच्या बुडाला कापड, खुर्चीच्या पायाला कापड. नवरा लढाईवरून परतला, पण डोक्यातला स्फोट काही निवला नाही. पत्रा वाजला की तो समोरच्याचा गळा धरी. समोर बहुतेक तीच असे.

"शेजारी म्हणतात, हा माणूस म्हणजे गरीब गाय आहे," अपंगत्वाच्या दाव्यावर विमा कंपनीचा अधिकारी इस्पितळात वैद्यकीय मंडळापुढे म्हणाला. "बरगडी मोडली, तेव्हा बाई स्वतः सांगतात, जिन्यावरून पडले. मनगट? जिना. दात? जिना. अहो, जिना आहे की घसरगुंडी?"

मंडळाची डॉक्टरीण हसली नाही. "पूर्ण अपंगत्व दिसायला तर हवं ना? हे शांत बसलेत."

दीर कुजबुजला, "वहिनी, तुम्ही इतकं जपलंत की दादा बरा दिसायला लागला. दावा फेटाळला, तर गोदामावर कामाला जावं लागेल त्याला. तिथे दिवसभर पत्रे आदळतात. कुणाचा तरी जीव घेईल."

"ते घरीच राहतील," ती म्हणाली.

ती उठली. भिंतीशी फायलींचं लोखंडी कपाट होतं. नवरा आणि बाकीचे यांच्या मधे ती उभी राहिली. "अहो, माफ करा हं," एवढंच म्हणाली आणि खण ओढून सगळ्या ताकदीने आदळला.

तो आला. टेबल उलटलं. तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं, कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं. गळ्यावर दोन्ही अंगठे रुतले. अधिकारी सोडवायला धावला, तर त्याचं बोट नवऱ्याच्या दातांत सापडलं. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. तीन वॉर्डबॉय, एक दीर, एक सुई. मग तो ओल्या पोत्यासारखा कलंडला.

डॉक्टरणीने लिहिलं, "पूर्ण अपंगत्व. दावा मंजूर."

दिराने डोळे पुसले. पण पेन थांबलं नव्हतं.

"घरी ठेवणं धोक्याचं. आजपासून बंद वॉर्ड."

तिने नकारार्थी मान हलवली. मी सांभाळते, मला सवय आहे, इतकी वर्षं सांभाळलंच ना, असं सगळं तिला सांगायचं होतं. तोंड उघडलं, पण चेंगरलेल्या गळ्यातून नुसता वारा आला.

स्ट्रेचर निघालं. तिने त्याची दांडी धरली. वॉर्डबॉय म्हणाला, "सोडा, ताई," आणि तिचं एकेक बोट हळूच सोडवू लागला.