चार भाषांतली शिडी

मी शिडी बोलतेय. दचकू नका. एरवी मी फार तर कुरकुरते, तेही कुणी चढलं तरच.

माझा जन्म अ‍ॅल्युमिनियमच्या लांब नळ्यांतून झाला. कापलं, भोकं पाडली, सहा पायऱ्या बसवल्या आणि पायांत काळे रबरी बूट घातले. माझ्या बहिणी ट्रकमध्ये बसून दुकानांत गेल्या. मला मात्र नमुना म्हणून कंपनीच्या बैठकीच्या खोलीत उभं केलं. लोक कौतुकानं बघतील असं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी कुणीतरी माझ्यावर ओली छत्री टांगली.

तिथे मला खरं काम एकच होतं. छताच्या प्रोजेक्टरची वायर सैल होती. पडद्यावरचं चित्र गेलं की साहेब बूट काढायचे, माझ्यावर चढायचे आणि वायर हलवायचे. "शिड्या विकणाऱ्यानं शिडीवर चढायला लाजायचं नसतं," असं म्हणायचे. साहेब अंगानं भरभक्कम. ते चौथ्या पायरीवर आले की मी श्वास रोखून धरायची.

कंपनीच्या वेबसाइटवर माझं एक पान आहे, चार भाषांत. फोटो चारही ठिकाणी तोच. त्यात माझी डावी बाजू दिसते, ती बरी आहे. मूळ पान कारखान्यातली इंजिनिअर ताई लिहिते. उरलेल्या तीन भाषांत ते काकू लिहितात. काकू म्हणजे कंपनीच्या अनुवादक. चष्मा कपाळावर सरकवून तोच घरभर शोधावा तसा टेबलभर शोधणाऱ्या.

मागच्या वर्षी आमची बिजागरी बदलली. मलाही नवी बसवली. ती हलकी, तिला एकशेवीसऐवजी शंभर किलोच भार पेलतो. ताईनं आपल्या पानावरचा आकडा बदलला. काकूंना सांगायचं राहूनच गेलं. तीन भाषांतली मी आपली एकशेवीसच म्हणत राहिले.

मग शेजारच्या देशातून एका रंगाऱ्याचं पत्र आलं. रंगाचे डबे घेऊन तो माझ्या एका बहिणीवर चढला होता. बिजागरी वाकली, तो पडला, मनगट मोडलं. काकूंनी पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. त्यात राग नव्हता. शेवटी एवढंच होतं, "मी तुमचंच पान वाचून चढलो होतो."

"माझ्या हातचं पान होतं ते," काकू म्हणाल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

तीनही पानं त्याच दिवशी दुरुस्त झाली. पण पुन्हा असं होणार नाही कशावरून? साहेबांनी ठरवलं, वेबसाइटची सिस्टीमच बदलायची. म्हणजे ज्यात पानं लिहितात, बदलतात आणि मग जगाला दाखवतात, ती. बरीच शोधाशोध करून शेवटी दोन उरल्या.

पहिली एका सकाळी साहेब, काकू आणि ताईला दाखवली. बिचारी अर्जाच्या कागदासारखी करडी होती. साहेबांनी दोनदा जांभई दिली. दुपारी दुसरी आली, नटूनथटून. तिच्यात फोटो सरकत होते, अक्षरं उड्या मारत होती. तिच्या विक्रेत्याचे बूटही तिच्यासारखेच चकचकीत.

"वा! हीच घेऊ," साहेब म्हणाले.

"एक मिनिट," काकू म्हणाल्या. "सकाळी केलं तेच इथे करून बघते."

चाचणीसाठी माझं जुनं पान चारही भाषांत भरलेलं होतं. काकूंनी मूळ पानावर एकशेवीसचे शंभर केले. मग बाकीची तिन्ही उघडली. एकशेवीस, एकशेवीस, एकशेवीस. कुठे खूण नाही की सूचना नाही.

"बाकीच्यांना कळलंच नाही हो."

"ते तुम्ही लक्षात ठेवायचं, काकू," विक्रेता हसला. "एक वही ठेवा."

"वही होतीच."

"अहो काकू, एवढ्यासाठी कशाला अडवताय?" साहेब म्हणाले. "दिसायला बघा की किती छान आहे!"

आणि नेमकं चित्र गेलं. साहेबांनी सवयीनं बूट काढले आणि माझ्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"साहेब, तुमचं वजन किती?" काकूंनी विचारलं.

सगळे एकदम छताकडे बघू लागले.

"एकशेबारा. का?"

"नाही, म्हटलं, कुठल्या भाषेतलं पान वाचून चढताय?"

साहेबांचा एक पाय माझ्यावर, एक जमिनीवर. तसेच थांबले. मी तर इतके महिने हेच सांगत होते, पण माझ्या कुरकुरीचं भाषांतर कोण करणार? ते हळूच उतरले, वाकले आणि माझ्या बिजागरीवरून बोट फिरवलं.

"वाकलीये," ते म्हणाले. हसणं कुठल्या कुठे गेलं होतं. "सकाळच्या त्या सिस्टीममध्ये काय झालं होतं?"

"मूळ आकडा बदलल्याबरोबर तिन्ही पानांवर लाल ठिपका आला. मी दुरुस्त करेपर्यंत गेला नाही."

"मला कसा दिसला नाही?"

"तुम्ही तेव्हा जांभई देत होता," ताई म्हणाली.

करडी सिस्टीम आली. चकचकीत बुटांच्या विक्रेत्यानं जाताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चहाडी केली.

वाकल्या बिजागरीमुळे माझी नमुनेगिरी संपली. प्रोजेक्टरची वायर एकदाची वायरमननं बसवली. मी आता काकूंच्या टेबलाशेजारी भिंतीला टेकून असते. माझ्या पायऱ्यांवर तीन कुंड्या आहेत. त्यांचं ओझं काहीच नाही.

नव्या सिस्टीममधलं त्याच्या भाषेतलं पान जगाला दाखवायच्या आधी काकूंनी ते त्या रंगाऱ्याला पाठवलं. त्याचं उत्तर कालच आलं. "वाचलं. शंभर. माझं वजन पंच्याण्णव. डबे खाली ठेवून चढेन." काकू हसल्या, चष्मा शोधला आणि शेवटचा लाल ठिपका घालवला.

माझ्यावर आता कुणी चढायचं नाही. पण माझ्या बहिणी घरोघरी आहेत. पाय ठेवण्याआधी त्यांचं पान तुमच्या भाषेत नीट वाचा. आणि कुरकुरल्या तर लगेच उतरा. आम्हाला तेवढी एकच भाषा येते.