एक डोसवाला उंबऱ्यावर

वारंगा फाट्यावर नांदेडचा, हिंगोलीचा आणि हदगावचा असे रस्ते एकमेकांना भेटतात. जाणती माणसं सांगतात की हे रस्ते मुळात भेटणारच नव्हते. पुंजाजीच्या हॉटेलात मिरचीची भजी तळायला लागली, वास सुटला, आणि तिन्ही रस्ते आपापली वाट सोडून तिकडं वळले. खरंखोटं पुंजाजी जाणे. हॉटेल म्हणजे काय, तर वर पत्रे, कोपऱ्यात भट्टी, एक पंखा आणि पंख्याखाली एक लांब बाकडं. त्या बाकड्याचं भट्टीकडचं टोक सोनाजीचं. तिथं वारा आधी पोचायचा, भजी आधी पोचायची आणि तिथून टाकलेला शब्द थेट डांबरापर्यंत जायचा. सोनाजीच्या बसण्यानं ती जागा इतकी गुळगुळीत झाली होती, की नवखा माणूस बसला तर घसरत घसरत कढईला नमस्कार करूनच उठायचा.

सोनाजीचं पोट चालायचं सोयाबीन-हळदीवर, पण नाव चालायचं गोष्टींवर. त्यातही सिद्धेश्वरच्या माशाच्या गोष्टीवर. तरणा असताना त्यानं सिद्धेश्वरच्या धरणात एक मासा धरला. मासा एवढा, की बाहेर ओढल्याबरोबर धरणाचं पाणी हातभर खाली गेलं आणि कॅनॉल कोरडा पडला. धरणावरचा साहेब धावत आला, हात जोडून म्हणाला, "सोनाजी, मासा परत टाक बाबा, खालच्या गव्हाला पाणी पुरंना." सोनाजीनं गव्हाकडं बघून टाकला. या गोष्टीवर फाट्यावर कुणाचाही विश्वास नव्हता आणि ती ऐकल्याशिवाय कुणाचा चहाही खाली उतरत नव्हता.

मग कोरोना आला आणि हॉटेलाला कुलूप लागलं. सोनाजीच्या पोटात गोष्टी साठत गेल्या. घरात बायको, पद्माबाई, ऐकायची नाही. तिला लग्नापासून सगळ्या पाठ होत्या. शेवटी तो म्हशीला सांगायला लागला. म्हशीनं आधी कान हलवले, मग मान हलवली, मग दूधच चोरलं.

"तिला काही सांगू नका," पद्माबाई म्हणाली. "लेकरांच्या चहाला दूध उरंना."

लस आली तेव्हा पद्माबाई बचत गटाच्या बायकांबरोबर शाळेत जाऊन पहिला डोस घेऊन आली, आणि वेळ झाल्यावर दुसराही. सोनाजी दोन्ही खेपेला आखाडा बाळापूरला बैल बघायला गेला होता. बैल घ्यायचा नाही हे घरच्यांनाच काय, त्या बैलांनाही कळून चुकलं होतं. धरणाचं पाणी हातभर उतरवणारा हा गडी सुईला भ्यायचा. पण भ्यालो असं म्हणेल तर तो सोनाजी कसला?

"मला लस कशाला?" तो म्हणायचा. "माझ्या रगतात कोरोना शिरला तर त्यालाच ताप यील."

पावसाळा अर्धा सरला आणि सरकारचा हुकूम निघाला. हॉटेलं उघडा, माणसं आत बसवा, पण दोन्ही डोस झालेलीच. बाकीच्यांनी पार्सल घ्यावं आणि वाटेला लागावं.

त्याच दुपारी सोनाजी धुतलेलं धोतर नेसून, मिशीला तेल लावून फाट्यावर हजर. पुंजाजी दारात दोन्ही हात आडवे लावून उभा.

"जयभीम, सोनाभाऊ. दोन डोस झाले?"

"मनातून झालेत."

"मग चहाबी मनातूनच घ्या."

"पुंजाजी, माझं बाकडं हाय ते."

"बाकडं तुमचंच हाय, कोण न्हाई म्हणतं? पण दंड माझ्या बोकांडी बसंल. त्यो बसला का मग बाकडंबी जाईल अन् भट्टीबी."

सोनाजीनं कागदी कपात चहा घेतला आणि समोरच्या पंक्चरच्या दुकानापाशी जुन्या टायरावर जाऊन बसला. दुकानाचा मालक शंकरसिंग आत पंख्याखाली मजेत भजी खात होता. त्याचे दोन्ही डोस झालेले. सोनाजीनं टायरावरूनच माशाची गोष्ट सुरू केली, पण मासा अर्धा बाहेर येतो न येतो तोच एक ट्रक गेला आणि मासा धुळीत पडला.

घरी येऊन त्यानं हा जुलूम पद्माबाईला सांगितला. तिनं सगळं ऐकलं, भाकरी उलटली आणि विचारलं, "म्हंजे मला बसता यील?"

सोनाजी हसला. फाट्यावरच्या हॉटेलात बाई बसायची ती एसटी चुकलेली, आणि तीही भिंतीकडं तोंड करून.

पुढच्या बाजारच्या दिवशी दोघं बाळापूरहून काळीपिवळीनं परत येत होते. फाट्यावर पद्माबाई उतरली, पदर सावरला आणि सरळ हॉटेलात शिरली. पुंजाजीला मोबाईलवरचं सर्टिफिकेट दाखवलं. पुंजाजीनं आडवे हात आपोआप खाली घेतले. बाई बाकड्यापाशी गेली आणि नेमकी भट्टीकडच्या टोकाला बसली. घसरली नाही. पिशवी पायाशी ठेवून तिनं एक प्लेट भजी आणि फुल चहा मागवला. अर्धा नव्हे, फुल.

बाहेर टायरावर सोनाजीचा चहा कपातच थंड झाला.

हॉटेलातल्या सगळ्या माना बाकड्याच्या टोकाकडं वळल्या. मग शंकरसिंगला राहवलं नाही. "वयनी, एक इचारू का? सोनाभाऊचा त्यो सिद्धेश्वरचा मासा. खरंच तेवढा होता?"

पद्माबाईनं मिरचीचं देठ बाजूला ठेवलं. "मासाबिसा काही न्हवता. लगन होऊन वरीसबी झालं न्हवतं आमचं. मावशीकडं गेलतो सिद्धेश्वरला. हे काठावर हात धुवायला वाकले अन् घसरले. तिथं एकानं गळ टाकलेला. त्यो ह्यांच्या धोतराला लागला. त्याला वाटलं, मोठा मासा लागला. वरडून माणसं बोलावली त्यानं. चौघांनी मिळून ओढला."

"मग?"

"आधी धोतर आलं. मग बऱ्याच येळानं, ते परत द्या म्हणत हे आले. मावशीचं लुगडं गुंडाळून घरी आणलं."

असं हसू उठलं की हॉटेलाचे पत्रे वर उचलले गेले, आणि खाली बसले ते वाकडे बसले. पावसाळ्यात अजून गळतात. शंकरसिंगनं अख्खी मिरची गिळली आणि ती तिखट लागल्याचं त्याला संध्याकाळी कळलं.

"खोटं हाय ते," बाहेरून सोनाजी ओरडला. जन्मात पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या गोष्टीला खोटं म्हणत होता.

"बाहेरच्यानं आतल्या बोलण्यात तोंड घालू नये," पुंजाजी झारा हलवत म्हणाला. "नियम हाय."

घरी जाताना सोनाजी वाटेतला एकेक खडा लाथाडत चालला. मग म्हणाला, "काहून सांगितलंस?"

"त्यांनी इचारलं म्हणून."

"अन् मी इतकी वर्सं सांगून राहिलो ते?"

"तुमाला कोण इचारत होतं? तुमी आपसूकच सांगायचे."

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी पद्माबाईनं सोनाजीच्या चोर धरण्याची गोष्ट सांगितली. त्यातला चोर निघाला शेजारचा बोकड. सोनाजीनं टायरावर बसून हिशेब केला. बाई अशीच बसत राहिली, तर पोळ्यापर्यंत त्याचं सगळं आयुष्य खरंखुरं सांगून मोकळी होईल. मग बाकडं मिळूनही काय उपयोग? खऱ्याची चटक लागलेल्या माणसांना पुन्हा मासा कोण विकणार?

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी सोनाजी दारात उभा होता.

शितल नावाची तांड्यावरची पोरगी तिथं सिस्टर होती. "बाबा, बाही वर करा."

"करतो माय. त्याच्या आधी एक आयक. सिद्धेश्वरच्या धरणात मी एकदा..." सोनाजीचा अंदाज असा, की मासा पाण्याबाहेर निघेपर्यंत कुणी सुई टोचत नसतं. मासा निघाला, पाणी खाली गेलं, साहेब धावत आला, साहेबानं हात जोडले...

"झालं बाबा. तिकडं बसा अर्धा घंटा."

"झालं? अन् मासा?"

"त्यो तिकडं बसून सांगा."

सोनाजीला वाईट वाटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यानं बाळापूरचे सगळे बैल बघितले होते. "आता दुसराबी देऊन टाक. हा दंड रिकामाच हाय."

"पावणेतीन महिन्यानं या."

पावणेतीन महिने म्हणजे पद्माबाईला रान मोकळं. सोनाजी तसाच फाट्यावर गेला. पुंजाजीसमोर पेच पडला. एक डोसवाला धड आतला नाही, धड बाहेरचा नाही. हुकमात त्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं, निदान पुंजाजीनं वाचलेल्या हुकमात तरी. बाकड्यावरच्या मंडळींनी चहावर चहा पिऊन विचार केला आणि शेवटी शंकरसिंगनं निवाडा दिला. एक डोसवाला उंबऱ्यावर. तोंडावर मास्क, एक पाय आत, एक बाहेर. आतल्यासारखं ऐकावं, बाहेरच्यासारखं पार्सल घ्यावं.

"अन् बोलावं का?" सोनाजीनं विचारलं.

"अर्धं बोलावं," शंकरसिंग म्हणाला.

तेव्हापासून सोनाजी उंबऱ्यावर. येणारा-जाणारा त्याला ओलांडायचा, कुणी पिशवीचा धक्का द्यायचा, कुणी "सरका बाबा" म्हणायचं. पण बाजारच्या दिवशी पद्माबाई टोकाला बसली की तो कान टवकारून बसायचा.

"तर हे पाण्यात पडले," पद्माबाई म्हणायची.

"पडलो न्हाई. उतरलो."

"डोक्याकडून उतरले."

"घाई होती."

लोक पोट धरायचे. ट्रकवाले ऐकायला थांबायला लागले. एक पंजाबी ड्रायव्हर तर हैदराबादचा माल घेऊन चालला होता, तो तिथंच थांबला, आणि मालातल्या कच्च्या केळ्यांना उंबऱ्यासमोर पिवळेपण आलं म्हणतात. पुंजाजीनं दुसरी कढई घेतली.

हळूहळू आणखी एक गोष्ट झाली. बाजारला जाताना काळीपिवळीत पद्माबाई विचारायला लागली, "त्या वक्ती तुमच्या संगं कोण होतं हो? त्या कुस्तीच्या वक्ती?" सोनाजी सांगायचा. ती म्हणायची, "तसं न्हाई, आठवा नीट." मग दोघं मिळून आठवायचे, आणि बाळापूर कधी आलं कळायचं नाही. सोनाजी आता बाजारच्या दिवसाची वाट बघायला लागला. पण उंबरा तो उंबराच. पंख्याचा वारा तिथं पोचायचा नाही आणि बाकड्याकडं तो चोरूनच बघायचा. तिथं पुन्हा बसलो आणि कुणी ऐकलंच नाही तर, हा विचार त्यानं म्हशीलासुद्धा सांगितला नाही.

सोयाबीन निघालं, दिवाळी झाली आणि दुसऱ्या डोसची वेळ आली. नेमका बाजारचा दिवस. या खेपेला पद्माबाई बरोबर होती.

"मासा न्हाई का आज, बाबा?" शितलनं विचारलं.

मासा वापरून झाला होता. सोनाजीनं डोळे गच्च मिटले, पद्माबाईचा हात धरला आणि "आय गं" म्हणाला.

"बाबा, अजून पाकीट फोडलं न्हाई मी," शितल म्हणाली.

फाट्यावर पोचले तेव्हा बाकडं गच्च भरलेलं होतं. पद्माबाई पुढं गेली आणि सवयीनं टोकाला बसली. मागून सोनाजी. पुंजाजीनं मोबाईल बघितला, बाजूला सरला आणि गिऱ्हाइकाला वाकतात तसा वाकला. सोनाजी उंबरा ओलांडून आत आला आणि पंख्याखाली उभा राहिला. जागा कुठंच नव्हती. सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि मग शंकरसिंगनं मान वळवली ती पद्माबाईकडं.

"वयनी, आज दवाखान्यात काय झालं? तुमी सांगा. तुमचं खरं असतं."

सोनाजी मान वर करून पंखा न्याहाळायला लागला. आता मिटलेले डोळे निघणार, धरलेला हात निघणार, न फोडलेलं पाकीट निघणार. मग बाकडं काय आणि उंबरा काय.

पद्माबाईनं नवऱ्याकडं एकदा बघितलं. पदरानं तोंड पुसलं.

"काय सांगावं," ती म्हणाली. "सुई वाकली."

भज्यांकडं निघालेले हात वाटेतच थांबले.

"शितल सिस्टरनं लावली, ती दंडावर टेकली अन् वाकली. पोरीला वाटलं, सुईच खराब असंल. दुसरी घेतली. तीबी वाकली. मग डाक्टर आले. त्यांनी ह्यांचा दंड ठोकून बघितला, तर आवाज आला भांड्यावानी. ते म्हणले, हिंगोलीहून जनावराची सुई मागवावी लागंल. तवा हे म्हणले, 'कशाला तकलीफ, थांबा, मीच जरा अंग सैल सोडतो.' सोडलं, तवा कुठं गेली."

कढईत भजी जळून राहिली होती आणि पुंजाजीला पत्ता नव्हता. बाकड्यावरची माणसं एकमेकांकडं बघत होती. पद्माबाईनं आजवर या टोकावर बसून एक शब्द खोटा सांगितला नव्हता. बोकड तर बोकड, धोतर तर धोतर.

शंकरसिंग उठला. सोनाजीपाशी आला आणि देवळातल्या घंटेला हात लावावा तसा त्यानं सोनाजीच्या दंडाला हात लावला. मग दाबून बघितला.

"लोखंड हाय राजेहो," तो हळूच म्हणाला.

इतक्या वर्षांत सोनाजीनं धरणं उतरवली, वाघ पिटाळले, चोर धरले, पण त्याच्या गोष्टीवर कधी कुणाचा विश्वास बसला नव्हता. आज बसला. आणि आज त्यानं तोंडही उघडलं नव्हतं. बाकीचे उठले, रांग लागली. ट्रकचे ड्रायव्हर आले, पुंजाजी झारा टाकून आला. जो तो दंड दाबून बघत होता, नेमका सुई लागलेल्या जागी. सोनाजीच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण मिशी हलली नाही.

माणसं उठल्यानं बाकडं मोकळं झालं होतं. पद्माबाई थोडी सरकली आणि शेजारची जागा तिनं हातानं झटकली. सोनाजी बसला. त्याच्यापुढं तिनं भज्याची प्लेट सारली आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"दुखतंय का?"

"लोखंडाला काय दुखतंय," सोनाजी म्हणाला आणि डाव्या हातानं भजं उचललं, कारण उजवा वर होत नव्हता.