मला एकही खिळा नव्हता

या मित्रांनो, असे जवळ सरका. आमच्या बंदरात वारा फार, लांबून बोललेलं अर्धं समुद्रातच जातं. आणखी थोडं पुढे या. हं, आता ठीक. मी तुम्हाला एका दुपारची गोष्ट सांगणार आहे. ती ऐकून झाल्यावर तुमच्याकडे एक मागणंही मागणार आहे. पण ते शेवटी.

मी एक जुनी बर्फगाडी आहे. कुत्री ओढतात ती. चाकं नाहीत, खाली दोन लांब पट्ट्या, त्यावर पाय, पायांवर बसायची पाटी, आणि मागे हाकणाऱ्याने धरायची कमान. अलास्कातल्या नदीकाठच्या एका गावात सायलस नावाच्या म्हाताऱ्याने मला बनवलं. भूर्जाचं लाकूड त्याने वाफेवर वाकवलं, आणि प्रत्येक सांधा ओल्या चामड्याच्या वादीने बांधला. मला एकही खिळा मारला नाही. त्याची मुलगी हेस्टर तेव्हा शेजारी बसून वाद्या भिजवत होती. तिने विचारलं, "बाबा, खिळ्याने लवकर झालं असतं ना?"

"झालं असतं," सायलस म्हणाला. "आणि पहिल्याच खडकावर लवकर मोडलंही असतं. बांधलेलं जरा हलतं, म्हणून टिकतं. दर वर्षी गाठी बघायच्या मात्र. एवढीच तिची सेवा."

ती सेवा हेस्टरने मनापासून केली. चौदा हिवाळे मी तिच्याबरोबर धावले. गोठलेल्या नदीवरून तिने औषधं नेली, एकदा तर एका बाळंतिणीला नेलं. हेस्टर मोठी भाविक बाई. कमानीला धरून उभी राहिली की ख्रिस्ती देवळातली भजनं म्हणायची, आणि कुत्र्यांचे पाय त्या ठेक्यावर पडायचे. कुत्र्यांची नावंही तिने तिकडचीच ठेवली होती. सगळ्यांत पुढे धावणाऱ्या कुत्रीचं नाव आमेन. त्यामुळे रविवारी पाद्रीबाबा 'आमेन' म्हणून प्रार्थना संपवायचे तेव्हा देवळाबाहेर बांधलेली ही कुत्री ताडकन उठून दोर ताणायची.

मित्रांनो, जोडलेल्या कुत्र्यांची तगमग तुम्ही पाहिली आहे का? गाडी अडवून धरणारा लोखंडी आकडा जमिनीत रुतलेला असतो तोवर ती ओरडतात, उड्या मारतात, दोर चावतात. आकडा सुटला की एकदम शांत. मग फक्त धावणं. ती तगमग माझ्या लाकडात कायमची मुरली आहे. मला स्वस्थ बसवत नाही.

आणि नेमकं तेच माझ्या नशिबी आलं. आमच्या बंदरात उन्हाळ्यात मोठमोठी जहाजं लागू लागली. एका दिवसापुरते हजारो पाहुणे उतरतात आणि संध्याकाळी निघून जातात. हेस्टर कुत्री घेऊन खाली आली आणि रानात तिने उन्हाळी तळ टाकला. तिथे बर्फ नाही, म्हणून कुत्र्यांना लोखंडी चाकांची गाडी जोडली. मला तिने धक्क्यावर आणून ठेवलं, पाहुण्यांना ओळख पटावी म्हणून. आणि मग, मित्रांनो, तिने चार मोठे स्क्रू घेतले आणि माझ्या पायांत पिळून एक फळी बसवली. फळीवर सहलींची नावं, आणि खाली खडूने जहाजावर परतायची वेळ.

मी ओरडले असते. पण लाकडाला फक्त करकरता येतं.

सहा उन्हाळे मी तशीच उभी राहिले. लोक माझ्यात बसून फोटो काढायचे. माझ्या गाठी कुणी बघत नव्हतं. माझ्या एका बाजूला हेस्टरची टपरी आणि दुसऱ्या बाजूला आगगाडीचा रूळ, थेट धक्क्यापर्यंत आलेला. तिथे गाडीचा गार्ड क्लेटस भोंग्यासारख्या आवाजात पाहुण्यांना बोलवायचा. ही गाडी डोंगर चढून खिंडीपर्यंत जाते. पाहुण्यांकडे दिवस एकच. त्यामुळे रोज सकाळी माझ्यासमोर एकच झगडा चाले, की आगगाडी की कुत्री?

"या या! काचेच्या खिडक्या, गरम डबा, अकरा धबधबे!" क्लेटस ओरडायचा. "कुत्र्यांच्या नादी लागाल तर दात घासतानाही चिखल निघेल!"

"आणि हा तुम्हाला त्याच रुळावरून नेऊन त्याच रुळावरून परत आणेल," हेस्टर म्हणायची. "वीस वर्षं झाली, अजून याला दुसरी वाट सापडली नाही."

त्या दिवशी जहाजातून दोन बहिणी उतरल्या. सपाट गव्हाच्या मुलखातल्या शेतकरणी. थोरली विल्मा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, धाकटी ओटी तिच्याहून चार वर्षांनी लहान. ओटीने उतरल्या उतरल्या मनगटावरचं घड्याळ एक तास मागे केलं.

"ज्या गावात उतरलो त्या गावाची वेळ," ती म्हणाली. जहाज आपल्या घड्याळाने चालतं आणि आमचं गाव त्याच्या तासभर मागे. हे इथलं लहान पोरही जाणतं.

"ताई, आगगाडीच," ओटी म्हणाली. "मी ठरवलंय."

"तू ठरवलंयस. मी कुठे ठरवलंय?"

"डॉक्टरांनी काय सांगितलं? हिवाळा लागेपर्यंत तुझी नजर जाणार. मग जेवढं बघता येईल तेवढं आत्ता बघून घे ना! अकरा धबधबे आहेत, ताई!"

"मोजणारेस का ते?" विल्मा म्हणाली. मग आवाज खाली आणून बोलली, "ओटे, धबधब्यांचं काही नाही गं. मला पुढच्या अंधाराची भीती वाटते. नुसतं खिडकीशी बसले ना, तर दिवसभर तेच डोक्यात फिरत राहील. मला त्या कुत्र्यांमागे बसायचंय."

पण टपरीवर नियम लिहिलेला होता, हाडांचं ऑपरेशन झालेल्यांना गाडीत घ्यायचं नाही. चाकांची गाडी रानातल्या मुळांवरून हाडं खिळखिळी करत जाते. गेल्या वर्षी विल्माच्या खुब्यात धातूचा सांधा घातला होता, म्हणून तिला ती गाडी बंद. हेस्टरने हळूच सांगितलं, "माफ करा बाई, मला नेता येणार नाही."

टेकायला म्हणून विल्माने हात पुढे केला तो माझ्यावर पडला. तिची बोटं शेतकरणीची, जाड आणि हुशार. ती माझ्या वाद्यांवरून फिरली. या गाठीवरून त्या गाठीवर.

"अगंबाई, हिला खिळाच नाही," ती म्हणाली. "सगळी बांधलेली आहे. आमचे वडील खुर्च्या अशाच बांधायचे." मग बोटं माझ्या पायाशी थांबली. "मग हे लोखंड हिच्यात कुणी घुसवलं?"

हेस्टरने मान खाली घातली. "मीच."

"तुम्हीच? आणि हिला चालवायच्या त्याही तुम्हीच?"

"हो. माझ्या बाबाने बांधलीय."

क्लेटसच्या गाडीने शिट्टी दिली, शेवटची हाक झाली. ओटीने बहिणीची बाही ओढली. पण हेस्टर समुद्राकडे बघत होती. ओहोटी लागली होती. धक्क्यापलीकडे नदीच्या मुखाशी गाळाची सपाटी उघडी पडत चालली होती, ओली, गुळगुळीत, मैलभर.

"बाई," हेस्टर म्हणाली, "बर्फ नाही, पण तो गाळ लोण्यासारखा आहे. मुळं नाहीत, दगड नाहीत. आणि ही गाडी हाडांना दणका देत नाही, स्वतःच वाकते. याल?"

"येते," विल्मा म्हणाली.

"ताई, अगं गाडी सुटली!" ओटी म्हणाली.

"सुटू दे."

हेस्टरने एक एक करून चारही स्क्रू काढले. मित्रांनो, काय सांगू! सहा वर्षांनी माझे पाय मोकळे झाले. हेस्टरने माझ्या सगळ्या गाठी तपासल्या, ढिल्या होत्या त्या आवळल्या. फळी तिने धक्क्याच्या ओंडक्यांवर ठेवली. पालथी. आणि तिथेच चूक झाली. त्या फळीवर खडूने लिहिलेलं होतं: पाच वाजता परत या, जहाजाच्या घड्याळाने. रोज सकाळी ते हेस्टरच्या डोळ्यांसमोर असायचं. त्या दिवशी ते जमिनीकडे तोंड करून पडलं.

ट्रकने रानातून कुत्री आणायला, मला गाळापर्यंत न्यायला वेळ लागला. विल्मा पाटीत बसली, घोंगडी पांघरली. पुढे सहा कुत्री, सगळ्यांत पुढे आमेन. ओटी काठावर घड्याळ धरून उभी राहिली. "मैलभर जायचं आणि परत! पाचला जहाज आहे!" असं तिने तीनदा बजावलं. हेस्टरने आकडा उपटला.

कुत्री शांत झाली. मी धावले.

गाळावर पाण्याचा पातळ थर होता. माझ्या पट्ट्या त्यावर सळसळत होत्या. हेस्टर भजन म्हणू लागली. सुरुवातीला विल्माच्या मुठी माझ्या वाद्यांवर इतक्या घट्ट होत्या की नखं रुतत होती. मग अर्ध्या वाटेवर एक मूठ सुटली. मग दुसरी. मग तिचे दोन्ही तळवे माझ्या कडांवर नुसते पडून राहिले. हे मला कळलं, कारण मी माणसं त्यांच्या हातांच्या स्पर्शावरूनच ओळखते. हेस्टरने एक फेरी घातली, मग विल्मा म्हणाली, "अजून." दुसरी झाली, तिसरीही.

आम्ही काठाशी परत आलो. ओटीच्या घड्याळात चार वाजत आले होते. तेवढ्यात बंदरातून जहाजाचा भोंगा झाला. लांबलचक.

"आत्ताच कसा?" ओटी म्हणाली. "अजून तास आहे!"

हेस्टरचा चेहरा उतरला. "त्यांचे पाच वाजले," ती म्हणाली. "देवा! ती फळी मी पालथी टाकली."

रस्त्याने वळसा होता, आणि कुत्री सोडून ट्रकमध्ये चढवायला वेळ कुठला? भरतीही लागली होती. एकच वाट होती, सरळ गाळावरून, मग आगगाडीचा रूळ ओलांडून धक्क्यावर.

"बसा!" हेस्टर ओटीला म्हणाली.

"मी? त्यात?"

"ओटे, सरकते मी, बस गुपचूप!" विल्मा ओरडली.

मित्रांनो, इतकं ओझं मी बाळंतिणीला नेतानाही वाहिलं नव्हतं. पट्ट्यांवर पाणी चढत होतं. कुत्र्यांची पोटं भिजली. ओटी एका हाताने बहिणीला आणि दुसऱ्या हाताने देवाला धरून होती. रुळाचा बांध समोर आला, आणि त्याच वेळी क्लेटसची गाडी मागे मागे सरकत धक्क्याकडे येत होती. शेवटच्या डब्याच्या पायरीवर तो स्वतः उभा होता.

त्याने आम्हाला पाहिलं. क्षणभर त्याचा विश्वास बसला नसावा. मग त्याने लाल निशाण असं फडकवलं की मैलभरावरूनही दिसावं. चाकं कुरकुरली. गाडी थांबली.

"आता तरी कबूल कर, माझ्यावाचून तुझं भागत नाही!" तो ओरडला.

"कुत्र्यांसाठी आगगाडी थांबते," हेस्टर ओरडली, "आगगाडीसाठी कुत्री थांबतात का? चल, आमेन!"

रुळावर माझा उजवा पाय आपटला. मला माझ्याच लाकडाचा आवाज आला. पाय चिरला, आणि भेग गेली ती नेमकी स्क्रूच्या भोकातून. पण सायलसच्या वाद्यांनी धरून ठेवलं. मी वाकले, लचकले, पण मोडले नाही. खडी, फळ्या, मग धक्का. खलाशी शिडी उचलायला वाकले होते, ते तसेच थबकले.

विल्मा उतरली. ओटीला धाप लागली होती, तरी तिचं तोंड चालूच. "ताई, निदान सीलमासे तरी पाहिलेस ना त्या खडकावर? आणि ती पांढरी शिखरं?"

"नाही गं. मी डोळे मिटून बसले होते."

"मिटून? सगळा वेळ?"

"सुरुवातीला थोडा वेळ उघडे ठेवले. मग मिटले. अठ्ठ्याहत्तर वर्षं बघतेच आहे की. न बघता जोरात जायला कसं लागतं, ते बघायचं होतं." तिने वाकून माझ्या चिरलेल्या पायावर हात ठेवला. "पहिल्यांदा जीव जातो की काय वाटलं. मग नाही वाटलं. ओटे, त्या कुत्र्यांतलं डावीकडचं एक लंगडतं. ऐकलंस?"

हेस्टरने खाली बसून पाहिलं. डावीकडच्या कुत्र्याच्या पंज्यात शिंपल्याचा तुकडा रुतला होता.

ओटीने बहिणीचा दंड धरला होता, तो सोडला आणि नुसता हात पुढे केला. विल्मा तो न धरता शिडी चढली.

मित्रांनो, माझा पाय हेस्टरने पुन्हा ओल्या वादीने बांधला. फळी आता एका लोखंडी खांबावर आहे, आणि तिथेच तिची शोभा. क्लेटस अजून अकरा धबधबे ओरडतो. हिवाळ्यात मी थोडीशी धावते. बाकी वेळ पडवीत असते आणि जहाजाचा भोंगा झाला की करकरते. हेस्टर म्हणते, "अगं हो, ऐकलं मीही."

पहिल्या बर्फाबरोबर पत्र आलं. अक्षर ओटीचं, शब्द विल्माचे. नजर गेली होती. पत्रात धबधब्यांचं काही नव्हतं, फक्त विचारलं होतं, त्या कुत्र्याचा पंजा बरा झाला का, आणि गाडीच्या गाठी यंदा कुणी बघितल्या का?

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात कुणी प्रेमाने बांधून दिलेली वस्तू असेल तर तिला खिळा मारू नका. वर्षातून एकदा तिच्या गाठींवरून हात फिरवा. आणि आता माझं मागणं. कधी अंधारात चालायची वेळ आली आणि मुठी घट्ट आवळल्या गेल्या, तर गव्हाच्या मुलखातल्या त्या विल्माबाईंची एकदा आठवण काढा, आणि तळवे उघडा.