खालच्या खणातले कार्ड

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे. बत्तीस खणांचे, ओकच्या लाकडाचे. नोवी साद शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात मी चाळीस वर्षे रोग्यांची कार्डे सांभाळली. मग एका कंपनीने दवाखान्यांसाठी संगणकाचा प्रोग्रॅम बनवला आणि माझी कार्डे रद्दीत गेली. त्याच कंपनीने मला पॉलिश करून आपल्या मुलाखतीच्या खोलीत शोभेला ठेवले. माझ्या डोक्यावर प्लास्टिकचे निवडुंग आहे. यावरून काय ते समजा.

माझा सगळ्यात खालचा खण मात्र इथे कोणालाच उघडता आला नाही, म्हणून त्यातली कार्डे तेवढी वाचली. आठ इंजिनिअर घाम गाळून दमले.

इथल्या मुलाखती ऐकून माझ्या लाकडाला वाळवी लागायची बाकी आहे. "तुम्ही फळ असता तर कोणतं असता?" असे विचारतात. एक जण म्हणाला, "डाळिंब. दाणे कसे एकत्र नांदतात!" त्याला लगेच घेतला. उथळ पाण्याला खळखळाट फार.

परवा देसांका आली. दवाखान्याच्या खिडकीवर ती तीस वर्षे माझ्या शेजारी बसली. प्रोग्रॅम आला आणि तिची खिडकीच बंद झाली. पेन्शनला चार वर्षे बाकी. फोनवरून दवाखान्यांना मदत करायची ही नोकरी तिला हवीच होती. समोर तेहतीस वर्षांचे साहेब वुकाशिन शारिच आणि त्यांची मदतनीस तियाना.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?" तियानाने विचारले.

"पेन्शनवर. गुडघे धड राहिले म्हणजे मिळवली."

साहेब हसले नाहीत. त्यांनी पडद्यावर स्वतःचेच नाव टाकले. "बघा, क्षणात माणूस हजर! ॲलर्जी, काही नाही."

"बाळा, बापाचं नाव कुठाय?"

"ते काढून टाकलं. बाहेरच्या देशांत लागत नाही."

"मग हा कोणता वुकाशिन? मिर्कोचा की गोयकोचा?"

"मी गोयकोचा."

देसांका उठली. माझा खालचा खण तिने जरासा वर उचलला आणि गुडघ्याने एक दणका दिला. मी उघडले. मला रडू आले असते, पण पॉलिशचा थर फार जाड आहे.

तिने पिवळे कार्ड काढले. शारिच वुकाशिन, वडील गोयको. खाली तांबड्या शाईत: पेनिसिलिन देऊ नये.

"चार वर्षांचा होतास. असा सुजलास की तुझ्या आईनं दवाखाना डोक्यावर घेतला. हे मीच लिहिलंय. तुमच्या यंत्रानं दोन माणसांचा एक केलाय, बाळा."

साहेबांचा चेहरा पडला. "कळवतो," एवढेच ते म्हणाले.

कार्ड खणात परत ठेवून ती गेल्यावर तियानाने विचारले, "घ्यायचं ना त्यांना?"

"छे! या वयात आपल्यात कुठं बसणार? लिहून टाक, तुमचा अर्ज जपून ठेवतोय."

"आणि बापाच्या नावाचं?"

"बघू पुढच्या वर्षी."

तियाना गेली. मग हे साहेब माझ्यापुढे गुडघे टेकून बसले, आपले कार्ड काढले, घडी घातली आणि पाकिटात ठेवले. स्वतःच्या प्रोग्रॅमवर त्यांचा एवढा विश्वास!

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगणार नाही. मला तर रोज पुसतात. पण मिर्कोच्या वुकाशिनचे कार्ड अजून माझ्यातच आहे, आणि त्याच्यासारखी आणखी चारशे. तांबडी शाई कुणाकुणाच्या कार्डावर आहे, ते देसांकाला विचारा. तिचा पत्ता तिच्या अर्जावर आहे. तो त्यांनी जपून ठेवला आहे.